फुआतिनोची साक्ष

शनिवारी सकाळी फुआतिनोच्या घरी तारोचे कंद सोलायचं काम चाललं होतं. रविवारी चर्चच्या पाळकांच्या घरी जेवणाची परडी पोचवायची असते, आणि सावाई बेटावरच्या त्या गावात परडी हलकी गेली तर घराण्याचं नाक कापलं जातं. फुआतिनो चटईवर बसून नारळ खवत होती. तिची मुलगी सिएनी गावच्या शाळेत मास्तरीण होती. ती शेजारीच बसली होती. मघापासून कसला तरी वास येत होता. मासळी बिघडली असेल, असं तिला वाटलं. मग आईनं कमरेला गुंडाळलेली लावालावा जराशी सरकली आणि टाचेजवळची जखम दिसली. कडा काळ्या पडल्या होत्या, वर माशी बसली होती, आणि आईला त्याचा पत्ताच नव्हता.

"कधी लागलं हे?"

"शिंपला टोचला असेल कुठेतरी. दुखत नाही गं."

"दुखत नाही म्हणूनच घाबरायचं, आई. चल, आत्ता दवाखान्यात जाऊ."

"मी नाही यायची."

घोडं कुठे अडलंय, हे सिएनीला पक्कं ठाऊक होतं. फुआतिनोला साखरेचा जुना आजार. नव्या वर्षात पाळकीणबाई मासिना यांनी ऑकलंडच्या चुलतभावाकडून औषध म्हणून नोनूच्या रसाच्या बाटल्या मागवल्या. नोनूचं झाड गावात प्रत्येक घरामागे. फळ पिकून पडलं की पोरं नाक धरून पळतात, डुकरंसुद्धा दुसरं काही नसलं तरच तोंड लावतात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. पण तेच फळ विमानानं फिरून आलं, बाटलीत भरलं गेलं, वर पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या माणसाचा फोटो चिकटला, की पिकतं तिथंच रांगा लावून विकलं जातं. आणि पाळकीणबाईंनी हातात दिलेल्या वस्तूला नाही कोण म्हणणार?

फुआतिनो बाटली प्यायली. त्याच महिन्यात तिच्या गोळ्याही चालू होत्या, चर्चचे उपासही होते. साखर उतरली. गोळ्यांचं नाव कुणी घेतलं नाही. साक्षीच्या रविवारी पाळकीणबाईंनी तिला उभं केलं आणि भरल्या चर्चमध्ये तिनं सांगितलं की देवानं या बाटलीतून माझा आजार नेला. पुढच्याच आठवड्यात साप्ताहिकाच्या आरोग्याच्या पानावर तिचा फोटो आला. बातमीदारानं ना डॉक्टरला विचारलं, ना फुआतिनोला. बातमीखाली त्याच बाटलीची जाहिरात होती; एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. फुआतिनोनं गोळ्या बंद केल्या. बऱ्या झालेल्या बाईनं गोळ्या कशाला घ्यायच्या?

"आई, साखर परत चढली असणार. नुसती तपासून घेऊ."

"तपासायला दवाखान्याच्या बाकावर बसायचं ना? निम्मं गाव असतं तिथं." फुआतिनोनं खवणी खाली ठेवली. "देवासमोर उभं राहून बोललेय मी. आता त्या रांगेत जाऊन बसले, तर लोक काय म्हणतील? फुआतिनो देवाच्या घरात खोटं बोलली. पाय गेला तरी चालेल, पण हे नको."

सिएनीला रडू यायचं ते संतापच आला. ती तडक पाळकांच्या घरी गेली. मासिनाबाईंनी तिला गोड बोलून बसवलं, लिंबाचा चहा दिला. जखम चिघळते म्हणजे अंगातली घाण बाहेर पडते आहे, रस दुप्पट करा, असं त्यांनी समजावलं. त्या बाईला मनापासून तसंच वाटत होतं, हेच सिएनीला जास्त छळत राहिलं. लबाड माणसाशी भांडता येतं. भल्या माणसाच्या अडाणीपणाशी भांडायचं कसं?

फुआतिनो रस दुप्पट प्यायली. बुधवारी तिला तापानं भान राहिलं नाही, तेव्हा सिएनीनं मामाच्या ट्रकमध्ये तिला उचलून घातलं, धक्क्यावर नेलं आणि बोटीनं राजधानीत, आपियाच्या इस्पितळात पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि जखम नीट तपासली. मग एवढंच म्हणाल्या, की आठवड्यापूर्वी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी परतल्यावर पाळकीणबाई भेटायला आल्या. फुआतिनोचा हात हातात घेऊन त्या खरोखर रडल्या. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "रविवारी साक्ष दे हं. रस होता म्हणून नुसत्या पायावर निभावलं, नाहीतर जीवच गेला असता. लोकांचा विश्वास डळमळायला नको."

सिएनी उसळून उठली. आईनं नजरेनंच तिला बसवलं आणि पाळकीणबाईंना म्हणाली, "देते."

रविवारी सिएनी चर्चमध्ये आली ती दात-ओठ खात. एवढं होऊनही आई पुन्हा तेच बोलणार, या विचारानं तिला आईकडे बघवेना. नाव पुकारलं गेलं. साक्ष उभं राहूनच द्यायची असते. "बसून सांग, चालेल," असं पाळक म्हणाले, तरी फुआतिनोनं मुलीच्या खांद्याला धरलं आणि ती कुबडीवर उभी राहिली.

"मागच्या वेळी मी म्हणाले, रसानं बरी झाले. मी गोळ्यासुद्धा घेत होते, ते सांगितलं नाही. मला कुणी विचारलंही नाही. मग तुमच्या लाजेनं दवाखान्यात गेले नाही. माझा पाय देवानं नेला नाही, रसानंही नाही. या लाजेनं नेला." तिनं दम घेतला. "आता मी विचारते. तुमच्यातल्या कोणी कोणी गोळ्या बंद केल्यात?"

तिसऱ्या बाकावर साखरेचाच आजार असलेल्या तौसागानं मांडीवरची वीणकामाची पिशवी घट्ट धरली आणि मान खाली घातली.

पाळकीणबाईंनी गायकवृंदाला खूण केली. लगेच भजन सुरू झालं, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. सगळे उठले, मोठमोठ्यानं गाऊ लागले. आईचं वजन पेलताना सिएनीचा खांदा भरून आला होता.

"आई, बस आता," ती तिच्या कानाशी म्हणाली. "ऐकू जात नाही कुणाला."

"गाणं संपू दे," फुआतिनो म्हणाली. "मग परत विचारते."