डार्करूमचा लाल बल्ब

आमचे हे फोटोग्राफर. तोंड बंद ठेवलेले हे मी फक्त झोपेत पाहिलेत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की यांची टकळी सुरू, आणि ते हसलं की खटका दाबायचा. घरी गिऱ्हाईक नसायचं, टकळी मात्र चालूच. दिवसातून कितीदा तरी मी "पुरे" म्हणायची.

अशा माणसाच्या जिभेला कॅन्सर झाला. गाठ लहान होती, जिभेच्या कडेला. पण कापायची तर जिभेचा तुकडा जाणार, बोलणं बोबडं होणार. ते ऐकल्यावर हे घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. 

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण धीराची. म्हणाली, नवा उपाय करून बघू. औषधाचे नॅनोकण शिरेतून सोडायचे. ते इतके बारीक, की गाठीत शिरून गुपचूप बसतात. मग गाठीवर लेझरचा उजेड टाकला की जागे होतात आणि तिचा फडशा पाडतात. जीभ शाबूत राहते. नाही साधलं, तर मात्र कापावं लागेल. यांना ते लगेच पटलं. उजेडाने कागदावर चित्र उमटवण्यावरच तर आमचा संसार झाला होता.

लेझरच्या वेळी तिने "काका, हलू नका" म्हटलं. जन्मभर लोकांना हेच सांगत आलेला माणूस पुतळ्यासारखा बसला.

निघताना तिने सांगितलं, की थोडं औषध कातडीतही उरतं, म्हणून काही आठवडे ऊन आणि प्रखर दिवे टाळा. पुढचं ऐकायला हे थांबले कुठे? जीभ सुजलेली, म्हणून हातानेच तिला खुणावलं, की उजेडापासून काय कसं सांभाळायचं ते मला शिकवू नका. घरी आले ते थेट स्टुडिओमागच्या डार्करूममध्ये. फोटोचा कागद जिथे सुखरूप राहतो, तिथे आपणही राहू, असा हिशेब. लेकीने दाराच्या फटीत काळं कापड कोंबलं, मी उशी दिली. कागदाला न बाधणारा लाल बल्ब डोक्यावर ओढून हे पेपर वाचत बसले.

पुढे चेहऱ्याची आग होऊ लागली. मी आत जाऊन पाहिलं, तर काहीच नाही. लाल उजेडात लाल नाक दिसणार कसं? बाहेर आणलं तेव्हा नाक आणि टक्कल टोमॅटोसारखं झालेलं.

बल्बचं ऐकून डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. "काका, या औषधाला लाल उजेडच जागं करतो. आमचा लेझरसुद्धा लालच आहे."

मिट्ट काळोखही नको, म्हणाली. पडदे ओढून साध्या खोलीत बसा, तिथल्या मंद उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं. मग तिने विचारलं, बल्बखाली तोंड उघडं तर नव्हतं ना, नाहीतर जीभही भाजली असेल? मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदाच नव्हतं. ती हसली, पण गाठीचं तपासणीतच कळेल म्हणाली.

सूज उतरली, बोलायला परवानगी मिळाली, तरी हे गप्पच. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं. हे नुसती मान हलवायचे. शेवटी एकदा म्हणाले, "जे जाणारच असेल त्याची चटक कशाला लावून घेऊ?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ती शांतता मला खायला उठत होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईने जीभ बाहेर काढायला लावली, बोटाने दाबून पाहिली. गाठीच्या जागेवरून काही दिवस आधी काढून तपासायला दिलेल्या कणभर तुकड्याचा निकाल आला होता. "गाठ गेली," ती म्हणाली. "तुकडाही स्वच्छ आहे. काका, जीभ आता तुमचीच."

यांनी जीभ आत घेतली, आणि धरण फुटलं. तिची हनुवटी फोटोसाठी किती झकास आहे हे तिला सांगितलं, बाहेरच्या रांगेला नाकाची कथा ऐकवली, बसमध्ये शेजारच्याला लेझर समजावला. मी सुखाने काठोकाठ भरून ऐकत होते.

घराच्या दारात मी पिशवीतून किल्ली काढत होते, तेव्हा हे एकदम थांबले.

"अगं, तू आज एकदाही पुरे म्हणाली नाहीस."

"बोला," मी म्हटलं. "मी ऐकतेय."

 मग माझ्या हातातली किल्ली घेऊन त्यांनीच दार उघडलं, आणि चपला काढता काढता नाकाची कथा मलाच पहिल्यापासून सांगायला घेतली.