डाव्या हाताचा हिरो

“टाकीज पाह्यजे का तुमाले? आता टाकीज कोन पाह्यते? मोबाईल घ्या ना भाऊ,” असं म्हणून सुकटवाली बाई हसली.

चामोर्शीचा आठवडी बाजार भरात होता. रफीकभाईंनी काखेतली वही सांभाळत पुन्हा विचारलं, “आताची नाई बाई. मार्कंड्याच्या जत्रेत तंबूची टाकीज येत होती, पन्नास वर्साआधी. तिच्यात काम केलेला कोनी हाय का इथी?”

“मंग तसं सांगा ना! मुखरू बुढ्याले भेटा. मारोतीच्या मागं घर हाय. तो पडदा भिजवत होता.”

“भिजवत होता? काऊन?”

“ते त्यालेच विचारा. मले सुकट विकू द्या.”

रफीकभाई बाजूला झाले, वही उघडली आणि लिहिलं : ‘पडदा भिजवणे. कशासाठी?’

वहीत असे पुष्कळ प्रश्न होते, पुष्कळांची उत्तरंही होती. दोन वर्षं ते जुन्या टाकीजी शोधत फिरत होते. चंद्रपुरातल्या एका टाकीजचं लग्नाचं सभागृह झालं होतं. तिथल्या वॉचमननं त्यांना मशीनच्या खोलीत नेऊन भिंतीतली चौकोनी भोकं दाखवली. आता तिथून कबुतरं ये-जा करत. सिरोंच्याच्या एका म्हाताऱ्यानं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलून सांगितलं, की रिळांची पेटी गोदावरीपलीकडून डोंग्यातून यायची, आणि डोंगा आला नाही तर लोक नदीवरच बसून राहायचे. रफीकभाईंनी हे सगळं लिहून ठेवलं. त्यांची नोकरी औष्णिक वीज केंद्रात मीटर तपासण्यात गेली होती. काटा कुठे आहे ते डोळ्यांनी पाहायचं आणि मगच लिहायचं, ही सवय सुटली नव्हती.

वीज केंद्राच्या वसाहतीतले, ऊर्जानगरचे जुने सोबती म्हणत, “रफीक, किताब लिहून राह्यला का बे?” ते नुसतं हसत. खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

खरी गोष्ट क्वार्टरमधल्या एका रविवारची होती. घरात नवा टीव्ही आला होता. संध्याकाळचा सिनेमा बघायला शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली होती. सिनेमा सुरू झाला आणि त्यांची बायको सुलताना हरखली. लहानपणी तिनं एकच सिनेमा पाहिला होता, आणि तो हाच होता. तिचे वडील मार्कंड्याच्या जत्रेत चुड्यांचं दुकान लावायचे. एका जत्रेत तिच्या आईनं तिला तंबूत नेलं. त्याच वर्षी पावसाळ्यात आई गेली.

“अब देखना,” सुलताना सगळ्यांना म्हणाली, “हिरो बंदूक निकालेगा. बाएँ हाथ से चलाता है वो. डाव्या हातानं!”

हिरोनं उजव्या हातानं बंदूक काढली. उजव्याच हातानं चालवली. सगळे हसले. सुलताना म्हणाली, “नहीं, बायाँ था. मुझे पक्का याद है.” तेव्हा रफीकभाई म्हणाले होते, “तू कहाँ देखी? अम्मी की गोद में सो गई होगी. किसी ने बाद में किस्सा सुना दिया होगा.” सतरंजीवरची माणसं आणखी मोठ्यानं हसली.

सुलताना उठली. तिनं सगळ्यांसाठी चहा केला, पण परत येऊन बसली नाही. त्यानंतर रविवारी सिनेमा लागला की तिला नेमकी तेव्हाच भाजी निवडायची असे. जत्रेतल्या तंबूची गोष्ट तिनं पुन्हा कधी काढली नाही. आईचीही फारशी काढली नाही. रफीकभाईंच्या हे लक्षात यायला फार वर्षं लागली. ती गेल्यावर घर रिकामं झालं तेव्हा आलं. तेव्हा विचारायला ती नव्हती.

मुखरूभाऊ अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. ऐंशीच्या पुढचे असतील. त्यांची बायको इंदुताई सुपात तांदूळ निवडत होत्या.

“टाकीज!” मुखरूभाऊंना एकदम तरतरी आली. “या, बसा. इंदे, चाय मांड. मानूस टाकीज विचाराले आला! घरच्या पोट्ट्यांनी बी कधी विचारलं नाई.”

“पडदा भिजवत होते म्हनतेत तुमी?”

“मंग! पितळेची पिचकारी होती माह्याजवळ. सिनेमा सुरू होयाच्या आधी पूरा पडदा ओला कराचा. मंधात सुटी झाली का आणखी एक डाव. मांजरपाट कापड ना भाऊ ते. सुकलं का मागून काईच दिसत नोतं, नुसतं धुकं.”

“पन मागून कोन पाह्यत होतं?”

“बायका,” मुखरूभाऊ म्हणाले. “मानसाइच्या गर्दीत बायकाइले कसं बसवाचं? मालकानं तंबूचेच दोन भाग केले होते. मंधात पडदा. मशीनच्या अंगानं मानसं, तिकडच्या अंगानं बायका-पोरं.”

रफीकभाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी नवीन पान काढलं. मशीन, त्याच्यापुढे माणसं, मग पडदा म्हणून एक रेघ, रेघेपलीकडे बायका. थोडा वेळ ते त्या चित्राकडे पाहत राहिले. मग पान उलटून कोऱ्या बाजूवर त्यांनी काड्यांचा एक माणूस काढला आणि एका हातात बंदूक दिली. उजव्या हातात. कागद वहीतून फाडला, उन्हासमोर धरला आणि मागच्या बाजूनं पाहिलं.

बंदूक डाव्या हातात होती.

“काय पाहून राह्यले भाऊ?” चहा ठेवून पुन्हा सूप घेऊन बसलेल्या इंदुताईंनी विचारलं.

“बाई, तुमी बसल्या होत्या का मागं?”

“मी? सात-आठ वर्सं बसली. मले त माहीतच नोतं का ते उलटं हाय म्हून! मले वाटे, सिनेमातले लोक सारेच डावखोरे राह्यतेत. डाव्या हातानं जेवत, डाव्या हातानं मारत.” इंदुताई स्वतःच खुदखुदल्या. “मंग पोराच्या घरी टीव्ही आला. तोच सिनेमा लागला. मी म्हटलं, हा मानूस बदलला, तो दुसरा होता!”

“अन् सारं घर हासलं!” मुखरूभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले. “मी त आठ दिवस हिले डावखोरीच म्हनत होतो.”

“हासू नोका भाऊ,” रफीकभाई म्हणाले.

त्यांचा आवाज जरा चढलाच असावा. मुखरूभाऊंचा हात तंबाखूवरच राहिला.

“तुमीच त पडदा भिजवत होते. तुमाले त माहीत होतं मागून कसं दिसते. सांगाचं ना बाईले.”

इंदुताईंनी सूप खाली ठेवलं. “तुमची बाई बी तिकडंच बसली असन.”

“हो. तिच्या आईजवळ. चुडीवाल्याची पोरगी. आठ वर्साची होती.”

“पोरी लई राहत जी. त्यातली तुमची कोनती, कसं सांगू?”

“झोपून जात असतीन ना त्या? लहान होत्या.”

“झोपाले कोन जाते तिथी!” इंदुताई म्हणाल्या. “वर्सातून एक डाव भेटे ते. मांडीवरचं लेकरू बी डोळे फाडून पाहे. पडद्यावरचं पानी आमच्या अंगावर उडे, तरी कोनी सरकत नोतं.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “कुठी हाय आता बाई?”

“नाई आता.”

इंदुताई उठल्या आणि चहात आणखी साखर घालायला आत गेल्या.

दुपारच्या एसटीनं रफीकभाई चंद्रपूरला परतले. तुकूममधल्या घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पलीकडच्या गल्लीत राहणारी त्यांची मुलगी कहकशाँ डबा घेऊन आली, तर अब्बा स्टुलावर चढून भिंतीवरचा आरसा काढत होते. अम्मीचा आरसा. दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता.

“अब्बा, ये क्या कर रहे? गिर जाओगे.”

“वो पिक्चर लगा दे टीव्ही पे. मोबाईल से लगाती ना तू, वैसे. वोइच, जिस पे मैं तेरी अम्मी को हँसा था.”

कहकशाँ त्या वेळी सहा वर्षांची होती. सतरंजीवर पुढेच बसली होती. कोणता, हे तिनं विचारलं नाही. अब्बांनी आरसा टीव्हीसमोरच्या खुर्चीत, उशीला टेकवून उभा केला. त्याच्यावर धूळ होती. त्यांनी फडकं ओलं करून आणलं आणि काच पुसली. खालच्या कोपऱ्यात सुरम्याच्या बोटाचा एक काळा डाग होता, तेवढा सोडला.

“बैठ. उधर मुँह करके नहीं. इधर, आईने में देख.”

बापलेक टीव्हीकडे पाठ करून बसले. आरशात नावं उलटी आली. गाणं झालं. कहकशाँनं दोनदा मागं वळून पाहिलं, दोनदाही अब्बांनी तिला खूण करून पुढं पाहायला लावलं. मग तो प्रसंग आला. हिरो दारात उभा राहिला. त्यानं कमरेला हात घातला आणि बंदूक काढली.

डाव्या हातानं.

“अम्मी…” कहकशाँ एवढंच म्हणाली.

“वो औरतों की तरफ बैठी थी. पर्दे के पीछे,” रफीकभाई म्हणाले. “जागी थी वो. रात को तेरे भाई शहबाज को फोन लगा दे. उसको भी मैं ही बताऊँगा.”

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं डबा उघडायला ती उठली. आरसा पुन्हा खिळ्यावर लावावा म्हणून तिनं हात पुढे केला.

“रहने दे,” ते म्हणाले. “अभी आधा बाकी है.”

कहकशाँ स्वयंपाकघरात गेली. रफीकभाई आरशासमोर बसून राहिले. मध्यंतराची पाटी उलटी आली तसे ते उठले, फडकं पुन्हा ओलं करून आणलं, आणि स्वच्छ काच त्यांनी आणखी एकदा पुसली.