एकोप्याचे डावे हात

रोमच्या टांकसाळीत ठसे कोरणाऱ्या साबिदियसची बायको वेत्तिया रुसून तिबूरला माहेरी निघून गेली, आणि याला कारण झाली एकोप्याची देवी कॉन्कॉर्डिया. जोडीने राज्य करणाऱ्या दोन्ही सम्राटांचं सख्य प्रजेला कळावं म्हणून काशाच्या नाण्यांवर या देवीला बसवायचा हुकूम होता. साबिदियसने बसवली. पण देवीचं नाक कोपऱ्यावर मासळी विकणाऱ्या फुस्का कोळणीचं आहे, हे वेत्तियाने पहिल्याच नाण्यावर ओळखलं.

"एकोपा हवाय ना? करा तिच्याशीच!"

नाक आपोआप उतरलं, असं साबिदियस देवाशपथ सांगत राहिला. नाकं आपोआप उतरत नाहीत, हे ठसे कोरणाऱ्याच्या बायकोला ठाऊक असतं.

घरची शेगडी थंड पडली. कांदा-पावावर दिवस काढून वैतागलेला साबिदियस मुकादम हिलारसकडे गेला.

"साहेब, देवी नको. नुसते हातात हात कोरतो. हाताला नाक नसतं."

"कोर बाबा. पण उजवे हो! डाव्या हाताने कुणी इमान देतं का?"

साबिदियसने एक हात स्वतःचा कोरला, वाकड्या अंगठ्यासकट. दुसरा वेत्तियाचा, मनगटात तिचं नागाचं कडं. तिने ते बघावं आणि परत यावं, एवढंच त्याच्या मनात. ठसा उलटा कोरला की नाणं सुलटं उमटतं, हे तो झोपेतही विसरला नसता. पण तो झोपेत नव्हता, विरहात होता. त्याने हात जसे आठवले तसे कोरले.

नाणी बाजारात गेल्यावर हिलारसचं लक्ष गेलं. "मेल्या, दोन्ही डावे! आता राजवाड्यातून बोलावणं येतंय बघ."

आलं नाही. स्वतःचा चेहरा नसलेली बाजू राजवाड्यात कुणी बघत नाही. गावात मात्र नाण्याची तारीफ झाली. दोघे सम्राट एका ताटावर बसेनासे झाले होते, तेव्हा लोकांना वाटलं, टांकसाळ पहिल्यांदाच खरं बोलली.

आणि एके दुपारी टांकसाळीच्या दारात वेत्तिया उभी राहिली, मुठीत नाणं.

"माझं कडं कुठल्या हातात असतं हो?"

"उजव्या."

"आणि इथे?"

"डाव्या."

"उभ्या जन्मात ठसा चुकला नाहीत तुम्ही. माझं नाव चुकलात, लग्नाचा दिवस चुकलात, ठसा कधी नाही." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "जेवलात का?"

"कांदा."

"वास येतोच आहे. चला घरी."

कोपऱ्याशी येताच तिने त्याचा हात धरला आणि त्याला पलीकडच्या बाजूने नेलं.

"मासळी यापुढे मी आणीन."