आठव्या पानावरचा विनोद

मी एक जुनं कॉमिक आहे. जुनं म्हणायचं ते अवतारावरून. वय विचाराल तर जेमतेम दोन वर्षं. पण मित्रांनो, काही पुस्तकं हाताळून हाताळून म्हातारी होतात, काहींना वाळवी लागते. मी भीतीने म्हातारा झालो.

माझा जन्म सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात झाला. वाढदिवस, निवडणूक, तेरवी, सगळ्यांचे बोर्ड तिथे एकाच यंत्रातून निघत. मोहिनी तिथे डिझाइनचं काम करायची. ती हिंगणीची. घरची भाजीची वाडी, अगदी जंगलाला लागून. जेवणाच्या सुटीत एका हाताने डबा खात ती दुसऱ्या हाताने माझी चित्रं काढायची. सोळा पानं, उरलेला चकचकीत कागद, पाठीत दोन पिना. प्रत एकच छापली. मला ना भाऊ ना बहीण.

माझ्या नायकाचं नाव गोफणवीर. रानडुकरं येऊ नयेत म्हणून वाडीच्या कुंपणाला जुनी लुगडी बांधतात ना, तसलं एक हिरवं लुगडं त्याच्या पाठीवर फडफडायचं. गोफणीच्या एका दगडात तो ढग फोडायचा. आकाशातून पडणारं विमान तो एका हाताने झेलायचा आणि दुसऱ्या हाताने मिशी पुसायचा. आता खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

चेहरा मात्र त्याला श्रावणचा होता. श्रावण म्हणजे मोहिनीचे वडील. मी जन्मायच्या आदल्या वर्षी, भर दुपारी टोमॅटोला पाणी देत असताना, त्यांना वाघाने नेलं. नाल्यापलीकडे दुपट्टा सापडला. आणखी जे सापडलं ते घरच्यांना दाखवलं नाही. त्यामुळे मोहिनीची आई भागीरथा रडली खरी, पण तिच्या मनाने ते कधी धड मानलंच नाही. ती हसायची मात्र थांबली. शेजारणी थट्टा करून दमल्या, पण हिच्या ओठांची कड हलेना. मोहिनीला आईचं हसू परत हवं होतं. माझा जन्म तेवढ्यासाठीच.

म्हणून माझ्या आठव्या पानावर गोफणवीर वाघाला लोळवून जंगलातून बाहेर येतो, वाडीच्या बांधावर उभा राहतो आणि श्रावणचा ठेवणीतला विनोद सांगतो: “भागी! आज वांग्याले असा भाव आला, असा भाव आला, का कोणाले घेताच आले नाई!” बाजारातून भरलेली टोपली तशीच परत आली की श्रावण बायकोला हेच सांगायचे. दुकानाचे मालक नानाजी ते वाचून इतके हसले की चहा त्यांच्या नाकात गेला. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो.

इथे तुम्हाला एक रीत सांगायला हवी. त्या जंगलाकाठच्या वाड्यांमध्ये पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारेल; ‘दुसरं काही’ असेल तर त्याला एकदाच मारता येते. वाघाने नेलेल्या माणसाला वाघ आपल्यापुढे चालवतो आणि घरच्यांना हाक मारायला लावतो; जो ओ देईल तोही गेलाच, असं तिथली म्हातारी माणसं सांगतात. मोहिनीने हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण चित्रातल्या फुग्यात जागा कमी, म्हणून तिने ‘भागी’ एकदाच लिहिलं. सिंदीच्या खुर्चीत बसून असल्या गोष्टी कोणाच्या ध्यानात राहतात?

एका रविवारी ऊन कलल्यावर मायलेकी बांधावर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मोहिनीने मला उघडलं आणि आठवं पान मोठ्याने वाचलं. तेही वडिलांचा आवाज काढून, नाल्याकडे तोंड करून.

“ओ!” भागीरथा बोलून गेली.

मग एकदम सगळं चूप झालं. सातभाई पाखरांचा कलकलाट तुटला. मोहिनीने उरलेलं वाक्य वाचलं, हसून दाखवलं, आईकडे पाहिलं. भागीरथेच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. “असा नोहोता थो जोक,” एवढंच म्हणून ती जुडी बांधू लागली. इतका पडलेला विनोद मी दुसरा पाहिला नाही. आणि मित्रांनो, मला कान नाहीत, तरी सांगतो, त्या वेळी नाल्यातल्या झुडपांत कोणीतरी ऐकत होतं.

त्या दिवसापासून भागीरथा मला कमरेला खोचून वाडीत नेऊ लागली. विनोदासाठी नव्हे, नवऱ्याच्या चेहऱ्यासाठी. काम नसलं तरी ती नाल्याच्या बाजूच्या वाफ्यात बसायची. दिवस मावळायला आला की केसांना तेल लावून वेणी घालायची. मोहिनीने काळजीने विचारलं, “आई, काऊन तिकडंच बसतं तू रोज?”

“तुया बाप बोलावून राह्यला,” आई शांतपणे म्हणाली.

आपणच हे घरात आणलं, हे पोरीला कळून चुकलं. तिने सिंदीची नोकरी सोडली आणि आईला नजरेआड होऊ देईना. पण नजर ती किती ठेवणार? एका संध्याकाळी ती पाण्याची मोटार बंद करायला गेली, आणि नाल्यातून आवाज आला. “भागी!” हाक एकच. मग विनोद. माझ्या पानावरचा, शब्द न् शब्द, एका दमात, मोहिनीने वाचला होता तसाच. सगळ्यात भयंकर म्हणजे तो आवाज श्रावणचाच होता.

भागीरथा उठली. बांध ओलांडून तिने एक पाय नाल्यात टाकलासुद्धा. तेवढ्यात मागून मोहिनी धावत आली. “आई! आई! आई!”

भागीरथा थबकली. वळून तिने लेकीला घट्ट धरलं आणि म्हणाली, “थो नोय व, मोहिनी. तुया बापाले हा जोक कधी पुरा सांगता आला काय? सांगायच्या आधीच थो हासे, त्याले ठसका लागे, आन् मंग मीच पुरा करो!” हे सांगता सांगता तिला तो ठसका आठवला आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोट धरून हसत होती. मोहिनीही हसली. मलाही फार बरं वाटलं. ज्यासाठी मला काढलं ते काम माझ्या हातून नाही, तरी माझ्या समोर झालं.

मग दोघी घराकडे पळाल्या. त्या गडबडीत मी कमरेतून निसटून बांधावर पडलो. मला न्यायला कोणी आलं नाही. वाडीत आल्या तरी नाल्याच्या बांधापर्यंत यायची हिंमत कोणाला होणार? उन्हाने माझा लाल रंग उडाला, पिनांना गंज चढला. पण तक्रार त्याची नाही. पुस्तकं जपा, हे इतर पुस्तकं तुम्हाला सांगतीलच. माझं मागणं निराळं आहे.

भागीरथा जे बोलली ते मोठ्याने बोलली, आणि नाल्यातली झुडपं दहा पावलांवर होती. आत्ताच, सूर्य बुडताना, आवाज पुन्हा आला. “भागी!” मग विनोद सुरू व्हायच्या आधीच तो हसला. त्याला ठसका लागला. आणि पुढचं कोणीतरी पुरं करावं म्हणून तो गप्प राहिला. वाडीत भेंडी तोडणाऱ्या भागीरथेचा हात थांबला.

ती अजून तशीच उभी आहे. मित्रांनो, मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. कोणी जवळपास असाल तर धावत जा आणि तिच्या तोंडावर हात ठेवा. तिला म्हणावं, बाई, हा विनोद अर्धाच राहू दे.