काळ्या मखमलीचा घागरा

आज थेटरावर दिव्यांनी नाव लिहितात, डोरीन वेल. ते नाव स्टुडिओनं ठेवलं. मी ठेवलं ते लुडमिला, आणि मी त्याच नावानं हाक मारते. आता तिच्यामागे गाड्या धावतात, पण एकोणीसशे अठरा साली हीच पोर हॉलिवूडमधून हाकलली जाणार होती. कशापायी? डोळ्यांपायी.

डोळे निळेशार, तिच्या बापाचे. बाप पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत गेला आणि डोळे तेवढे मागे ठेवून गेला. समोरून बघाल तर बघतच राहाल. पण तेव्हाच्या फिल्मवर निळं ते पांढरं उमटायचं. माझी पोर प्रियकराकडे बघायची आणि पडद्यावर दिसायचे उकडलेल्या माशाचे डोळे!

दिग्दर्शक प्रेंटिस मला म्हणाला, "बाई, शनिवारी शेवटची चाचणी. नाही जमलं तर कन्येला खाणीवर परत न्या. तिथे अंधार असतो, डोळे कोण बघतोय?"

"खाणीतल्या माणसांना अंधारातही दिसतं, साहेब. तुम्हाला भर उजेडात दिसत नाही."

घरी लुडमिला रडायला लागली. "आई, जाऊ या परत. सगळे हसतात गं."

"हसू देत. लोकांची धुणी धुऊन तुला इथवर आणली, ती काय परत न्यायला? तोंड धू आणि जेव."

कॅमेरावाला ऑगस्ट, डेन्मार्कचा म्हातारा, मनाचा बरा. मी मागे लागले तेव्हा त्यानं लुडमिलाच्या जुन्या सगळ्या फिल्मच्या पट्ट्या लावून दाखवल्या. सगळीकडे तेच पांढरे डोळे. फक्त एका पट्टीत, दाराला टेकून उभी असताना, डोळे खोल, काळेभोर, जिवंत!

"हे कसं काय रे?"

"नशीब, बाई."

"नशीब एकाच दुपारी येऊन गेलं होय?"

मग मला ती दुपार आठवली. नवऱ्याची पुण्यतिथी होती. चर्चमधून निघून मी पोरीला पिरोही, आमच्याकडच्या बटाट्याच्या करंज्या, द्यायला गेले होते. सेटवर आयांना मज्जाव, पण प्रेंटिस बाहेर गेला होता म्हणून ऑगस्टनं मला कॅमेऱ्याला चिकटून उभं राहू दिलं. अंगावर काळ्या मखमलीचा घागरा होता. नवऱ्याच्या मातीसाठी शिवलेला.

"ऑगस्ट, एरवी तिच्यासमोर काय असतं?"

"उजेड फेकायचे पांढरे पडदे."

"मग डोळ्यांत पांढरंच उतरणार की! डोळा म्हणजे आरसा. त्या दिवशी त्यात मी उतरले होते."

म्हाताऱ्यानं ती पट्टी पुन्हा लावली.

शनिवारी मी सरळ सेटवर शिरले. प्रेंटिस ओरडला, "आयांना इथे बंदी आहे!"

मी कमरेची गाठ सोडली आणि घागरा उतरवला. तीस पुरुषांसमोर, परकरावर उभी!

"अहो बाई, हे काय चाललंय?"

"तुमच्या कॅमेऱ्याला कपडे घालतेय. गप बसा."

ऑगस्ट हळूच म्हणाला, "भिंगासाठी भोक पाडावं लागेल हो." माझा हात थबकला. खाणीवरच्या बायका सुती काळ्यावर भागवायच्या. मी मखमल घेतली होती, माझ्या माणसासाठी. मग कात्री मीच मागितली आणि मीच कापलं.

मागे कोणीतरी फिसकन हसला. मी वळून नुसतं पाहिलं, आणि तो दिवा पुसायला लागला. लुडमिलाला मात्र माझा परकर बघून हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, आणि तेवढ्यात ऑगस्टनं हँडल फिरवलं.

सोमवारी पट्टी पडद्यावर लागली. हातभर रुंद डोळे, अंधाऱ्या पाण्यासारखे. प्रेंटिस म्हणाला, "पुन्हा लावा." तीनदा लावली. संध्याकाळच्या आत तीन वर्षांचा करार झाला आणि त्यात माझ्या सांगण्यावरून एक ओळ घातली: जिथे हिचा कॅमेरा, तिथे हिची आई.

पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या दिवशी पोरीनं मला रेशमी झगा आणला. मी तो ठेवून दिला आणि घागराच नेसून गेले, भोक पुढे करून. लोकांनी डोरीन, डोरीन करून रस्ता अडवला. ती मात्र माझा दंड धरून चालली आणि विचारेल त्याला सांगत सुटली, "ही माझी आई. हे डोळे हिनं दिले."

दारातच प्रेंटिसनं गाठलं, टोपी हातात घेऊन. "बाई, निळ्या डोळ्यांची अजून एक मुलगी आलीय. उद्या घागरा मिळेल का?"

"मिळेल. पण घागऱ्याबरोबर मी येते. आणि मला खुर्ची लागते, साहेब. हात असलेली."

खुर्ची सकाळी आठलाच आणून ठेवली होती.