पायांतून उतरलेला डाय

जरीपटक्यातल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डाय टोचून सीटी स्कॅन झालेले सारे रांगेत बसलेले. महाराज एकेकाच्या पायांना भंडारा फासत, पाय स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवत, आणि बघता बघता पाणी लाल व्हायचं. महाराज म्हणायचे, "पाहा, किडनी खाणारा डाय उतरून राहिला. मशीन आत टाकते, महाराज बाहेर काढते." परातीकडे पाहून माझा धाकटा भाऊ कवडू रडला. मी हात जोडले. लिहायची लाज वाटते, पण जोडले.

कवडूचा नरखेडला संत्र्याचा बगीचा. साखरेचा जुना रोगी, किडनी आधीच अशक्त. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डायनं किडनीवर ताण येऊ शकतो. गुडघेदुखीची गोळी बंद ठेवा आणि आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या." महाराजांनी मात्र स्कॅनच्या आधीच सांगून ठेवलं, "पाण्यानं विष पसरते. दोन दिवस कोरडा राह्य." आणि मी, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारा मधुसूदन मास्तर, सख्ख्या भावाच्या हातातला तांब्या काढून घेतला. स्कॅनच्या खोलीत नर्सबाईंनी विचारलं, पाणी प्यायले ना? "हो, भरपूर," असं मीच सांगितलं.

स्कॅननंतर तिसऱ्या दिवशी कवडूची लघवी जवळजवळ बंद झाली, तोंड सुजलं. त्याला भरती करावं लागलं.

त्याची मुलगी दीक्षा फार्मसी शिकते. वॉर्डाबाहेर मी तिला परातीतल्या लाल पाण्याचं सांगितलं. मला अजून वाटत होतं, थोडा तरी डाय उतरला असेल. तिनं कँटीनमधून चिमूटभर हळद आणली, पानठेल्यावरून चुना. चुना पाण्यात कालवून निवळी वर येऊ दिली, माझ्या बोटाला हळद लावली आणि बोट त्यात बुडवलं. पाणी लाल झालं.

"मोठे बाबा, भंडारा म्हणजे हळदच न? परातीत साधं पाणी नाही, ही चुन्याची निवळीच असन. अन् डायले रंगच नसते, पाण्यावानी राहते तो. आठवीत हे तुम्हीच शिकवलं होतं मले. मंग काहून नाही वळखलं?"

प्रयोगशाळेतल्या हळदीला आम्ही प्रश्न विचारतो, देवाच्या हळदीपुढे मान वाकवतो. अक्कल गहाण टाकली होती मी.

दोनदा डायलिसिस झालं. लघवी सुरू झाली, पण किडनी पहिल्यासारखी होईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी कवडूचे पाय धरले. "त्या महाराजाच्या नादी मीच लावलं तुले."

तो हळूच म्हणाला, "महाराजावर माहा इस्वास नव्हता गा दादा. तू सायन्सचा मास्तर. तू पाणी नको म्हणला, म्हणून नाही पेलो."

परवा त्याच हॉलसमोर टेबल टाकून मी हळद-चुन्याचा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, "डायचं स्कॅन घाबरून टाळू नका. आधी किडनीची तपासणी करा, चालू गोळ्या लपवू नका, डॉक्टर म्हणतील तेवढं पाणी प्या. अन् कोणी विचारलं, तर खरं सांगा."

गर्दीतून एका बाईनं विचारलं, "मास्तर, तुम्हाले हे केव्हा समजलं?"

"भाऊ दवाखान्यात पडल्यावर," मी म्हणालो.