मामांची ओळ

भोरच्या बाजारात वाळत घातलेली मिरची. मामा म्हणून ऐनवेळी पुढं ढकललेला व्हिडिओवाला. संगणकावरचा मेनू, एकाखाली एक चार भाषा. “बरं केलंस.”

हे “बरं केलंस” मंगल म्हणाली होती. तेवढंच तिला परत घ्यायचं होतं.

भोरमध्ये तिचं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिकेत नावं मानानं लागतात: आधी थोरले, मग धाकटे, मयतांना कै., आणि मामांची ओळ वेगळी, ठळक. हे आपोआप लावणारा मॅक्रो, म्हणजे टायपिंगच्या एडिटरमधला छोटा प्रोग्राम, तिनं स्वतः बेसिक या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. जागोजागी ठिगळं, पण प्रत्येक ठिगळामागं कुणाचा तरी रुसवा.

भोरचाच मोहसीन आता पुण्यात नोकरीला. फावल्या वेळात तो त्याच फुकट, सर्वांना खुल्या एडिटरवर काम करायचा. त्यात मॅक्रोसाठी बेसिकशिवाय आणखी तीन भाषाही चालाव्यात म्हणून तो परक्या देशांतल्या लोकांशी मेलवर भांडला होता. “ज्याला जी येते त्यानं तीत लिहावं, ताई!”

२००६च्या ईदला तो दुकानात आला, मॅक्रो पाहून हसला. “ही काय गोधडी शिवलीयस?” दुपारभर बसून सगळं पायथनमध्ये लिहून काढलं. दोन असले की गोंधळ, म्हणून जुना पुसला.

मंगलला पायथन येत नव्हतं. पण पोराचं कौतुक, आणि आपल्या ठिगळांची लाज. म्हणाली, “बरं केलंस.”

मग मार्गासनीच्या आनंदरावांची पत्रिका आली. नव्या मॅक्रोनं मामांना वयानं भावकीत बसवलं, धाकट्या चुलत्याच्याही खाली. जुना मॅक्रो चुकत नसे, त्यामुळं नावं तपासायची मंगलची सवय कधीच मोडली होती. तशीच छापली.

लग्नानंतर आनंदराव दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. “मंगलताई, आमचा मेव्हणा लग्नाला आलाच न्हाई. पोरीच्या मागं मामा म्हणून कोन हुबा केला, ठावं हाय? व्हिडिओवाला! पोरगी अजून रडतीया.”

मंगलनं मॅक्रो उघडला. कुठं हात घालावा कळेना. मोहसीनला फोन लावला.

“सोपं आहे, ताई. शिकवतो ना तुला.”

“नको. माझा जुना दे.”

“तो पुसला की. तूच म्हणालीस…”

“व्हय,” मंगल म्हणाली, “मीच म्हणाले.”

पुढचा सबंध हंगाम तिनं नावं हातानं लावली.

१९९८ साली, भोरच्या कॉम्प्युटर क्लासात, मोहसीनला बेसिक मंगलनं शिकवलं.